श्री. चेनसो यांचे आधार कार्ड

सातारा जिल्हा संपता संपता आणि सांगली सुरू होता होता कृष्णाकाठी एक लहानशी नगरपालिका आहे. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथे माझे दोन अर्ज अजून पडून आहेत. त्या गावात समाधान कॉलनी आहे आणि कॉलनीच्या तोंडाशी नगरसेवक निधीतून उभारलेला फलक आहे. वर नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो आणि त्याखाली रहिवाशांची नावं. एक, श्री. दादासो निकम. दोन, श्री. भाऊसो पाटील. मग नानासो, बापूसो, आप्पासो. आणि सहावं नाव, श्री. गुंडा तातोबा सूर्यवंशी.

आता 'सो' म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. 'सो' म्हणजे साहेब. लिहायला आखूड, ऐकायला भारदस्त. हा 'सो' कुणाकडे मागता येत नाही. वय वाढेल तसा तो आपोआप नावाला येऊन चिकटतो. काहींना तर बारशातच चिकटतो. सूर्यवंशींना मात्र तो एकोणसाठ वर्षांत चिकटला नव्हता. 'गुंडासो' हे कुणाच्या तोंडात बसेना, एवढंच कारण.

गुंडा हे नाव तिकडे जतच्या बाजूला, कर्नाटकाच्या शिवेवर, चांगलं घरंदाज आहे. सूर्यवंशींच्या आजोबांचं तेच होतं आणि त्यांना गाव वचकून नव्हे तर वाकून असे. पण इकडे कॉलनीत कुरिअरवाला फोन करायचा, "गुंडा बोलताय का?" आणि 'हो' म्हटल्यावर पार्सल फाटकावर ठेवून निघून जायचा. बँकेतली मुलगी नाव पुकारायची तेव्हा रांगेतली माणसं आपापल्या पिशव्या सावरायची. हा माणूस पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं वरिष्ठ लिपिक होता आणि त्याने शिपायालासुद्धा कधी आवाज चढवून चहा सांगितला नव्हता. राजपत्रात नाव बदलायचा फॉर्म त्यांनी तीनदा भरायला घेतला. पण 'बदलाचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबायचं. आजोबांचं नाव आवडत नाही असं सरकारला कसं लिहायचं?

आणि त्यांच्या पत्नी, शालनताई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका "नाव घ्या, नाव घ्या" म्हणून मागे लागल्या की त्या तिळगूळ आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायच्या आणि विषय निघून जाईपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. चौतीस संक्रांती अशा गेल्या. सूर्यवंशींना हे ठाऊक होतं. तो सल त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण होता.

यात भर घातली त्यांच्याच कुंपणातल्या गुलमोहराने. त्या पावसाळ्यात त्याची एक फांदी अशी फोफावली की फलकावरची पहिली पाच नावं पानांत बुडाली. नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो तेवढा वरून दिसे आणि त्याच्या खाली एकच ओळ, श्री. गुंडा. जाणारी-येणारी कॉलेजची पोरं तिथे थांबून फोटो काढायला लागली. नगरसेवकांनाही तो फोटो कुणीतरी मोबाईलवर पाठवला. त्यांनी निरोप धाडला की फांदी तोडा, नाहीतर नाव तोडा.

फांदी तोडायला माणूस मिळेना. कोयतेवाले सगळे "उद्या येतो" म्हणाले आणि उद्या हा दिवस त्यांच्या पंचांगात नव्हता. मग सूर्यवंशींनी ठरवलं की आपलीच एक स्वस्तातली चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी करवत, घ्यायची. ही फांदी, मागच्या आंब्याचं वठलेलं खोड, थोडी किरकोळ छाटणी. एवढंच काम होतं. पण ठरवणं त्यांचं असलं तरी निवडणं कॉलनीचं होतं.

"गुंडा, गड्या, बॅटरीवरची घिऊ नगंस," सुभेदार दादासो निकम म्हणाले. ते फौजेतून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती, पण ते अजून गच्चीवरूनच बोलत. "सियाचीनला आमच्याकडं जर्मन मशीन व्हती. एका झटक्यात चालू."

"सियाचीनला झाडं कुठं हायत, सुभेदार?" भाऊसो पाटलांनी विचारलं. भाऊसोंचा बारा एकर ऊस होता, दारात ट्रॅक्टर होता आणि त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं असं त्यांचं मत होतं.

"न्हवती, म्हणूनच मशीन टिकली," सुभेदार म्हणाले.

पुण्याहून मुलगा राजवर्धन फोनवर सांगत होता, "बाबा, छोटी बॅटरीची घ्या. आवाज नाही, धूर नाही." पण आवाज आणि धूर नसलेल्या यंत्राला कॉलनीत किंमत काय? शेवटी भाऊसोंच्या गाडीतून कराडला जायचं ठरलं.

दुकानदार भला माणूस होता. त्याने फांदी केवढी आहे ते विचारलं. सूर्यवंशींनी आपला दंड दाखवला, मग थोडा विचार करून मांडी दाखवली.

"मग बारा इंची बार लय झाला," दुकानदार म्हणाला. बार म्हणजे ती चेन जिच्यावरून धावते ती लांब पट्टी.

"बावीसचा दावा," मागून भाऊसो म्हणाले. "बारा इंचाचं काय न्यायचं? कॉलनीत हसं करायचंय व्हय?"

कॉलनीतल्या हशाचं नाव निघाल्यावर सूर्यवंशींनी पाकीट काढलं. बावीस इंची मशीन गाडीत चढली. तिचं नाव चिनी होतं आणि दुकानदारही त्याचा उच्चार टाळत होता. त्याने निगा सांगितली: पेट्रोलात टू-टी ऑइल मापानं मिसळा, चेनचं तेल दुसऱ्या टाकीत वेगळं घाला, चेन फार आवळू नका आणि लोंबतीही ठेवू नका, एअर फिल्टर साफ ठेवा, गोल कानशीनं दात घासत राहा. आणि चेन बसवताना दात कुठल्या बाजूला बघतात ते पाहा. सूर्यवंशी हे सगळं वहीत लिहून घेत होते. नेमकं शेवटच्या वाक्याला भाऊसो म्हणाले, "ते मी बसवून देतो, त्यात काय हाय!" म्हणून ते वाक्य लिहायचं राहिलं.

घरी आल्यावर सुभेदारांनी गच्चीवरून बातमी दिली की स्वतःच्या झाडाची फांदी असली तरी नगरपालिकेची परवानगी लागते. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. सूर्यवंशींचा चेहरा उजळला. अर्ज! एकतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अर्जांवर 'त्रुटी पूर्तता करावी' असा शेरा मारला होता. बिनत्रुटीचा अर्ज म्हणजे काय ते आता या नगरपालिकेला कळणार होतं. त्यांनी रेघा मारलेला कागद घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदरहू फांदी ही चेनसॉ मार्फत तोडणेस परवानगी मिळणेस विनंती आहे.'

आता यात चूक कुणाची, यावर कॉलनीत अजून वाद आहे. माझ्या मते चूक त्या 'मार्फत'ची. कार्यालयीन मराठीत माणूस मुंबईला एसटीने जात नाही, एसटी मार्फत जातो, ही सूर्यवंशींची सवय. बारा दिवसांनी उत्तर आलं: 'आपल्या अर्जात नमूद केलेले श्री. चेनसो यांचे पूर्ण नाव, आधार कार्ड व पासपोर्ट आकाराचे दोन फोटो जोडून त्रुटी पूर्तता करावी.'

सूर्यवंशींनी ते पत्र तीन वेळा वाचलं. 'त्रुटी' हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदा समोरून येऊन लागला. आणि त्याहून खोल काहीतरी लागलं ते 'श्री. चेनसो'. मशीन घरात येऊन तीन आठवडे झाले नव्हते, अजून खोक्यातून नीट बाहेरही आली नव्हती, आणि तिला सरकारी शिक्क्यानिशी 'सो' मिळाला होता.

नगरपालिकेत झाडांचं टेबल ऋषिराज नावाच्या तरुण लिपिकाकडे होतं.

"चेनसो हा माणूस न्हाई," सूर्यवंशी म्हणाले. "मशीन हाय."

"मशीन?" ऋषिराजने कागद उलटसुलट पाहिला. "मग मार्फत कशाला लिहिलंत, काका? मला वाटलं नानासो, भाऊसो, तसे चेनसो. तुमच्याकडचे कुणीतरी पावणे असतील."

"मग आता खोडा आणि मशीन लिहा."

"खोडता येत नाही. कॉम्प्युटरला 'तोडणाऱ्याचे नाव' एकदा गेलं की गेलं. नावात बदल करायचा तर राजपत्र लागतं."

राजपत्र म्हणताच सूर्यवंशींनी टेबलाची कड धरली. जे राजपत्र त्यांनी स्वतःसाठी कधी काढलं नाही, ते आता एका चिनी करवतीसाठी काढायचं? ऋषिराजला म्हाताऱ्याचा चेहरा पाहून कणव आली. तो टेबलावरून पुढे वाकला.

"काका, सोप्पं सांगू का? फोटो तुमचाच लावा, आधारही तुमचंच जोडा. मोबाईल नंबर तुमचाच. फांदी तुटल्याशी मतलब. पूर्ण नाव काय टाकू? चेनसो... मालक कोण? गुंडा. चेनसो गुंडा सूर्यवंशी." त्याने टकटक टाइप केलं आणि परवाना छापून हातात दिला.

सूर्यवंशी पायऱ्या उतरताना तो कागद बघत होते. खाली फोटो त्यांचा, वर नाव मशीनचं आणि बापाच्या जागी पुन्हा ते स्वतः. इतक्या वर्षांत त्यांनी असा सदोष कागद पास केला नव्हता. तरी परवाना घडी न घालता, सरळ ठेवून त्यांनी घरी आणला.

खंडेनवमीला शालनताईंनी खुरपं, विळी, शिवणयंत्र आणि मशीन पाटावर मांडून पूजा केली. मशीन नवी म्हणून तिला हळदकुंकू जरा सढळ हाताने वाहिलं गेलं, आणि चेनच्या टाकीचं तेल दुकानातून आणायचं राहिलं होतं म्हणून त्यांनी करडईचं तेल ओतलं. दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फांदी तोडायचा मुहूर्त होता. पेट्रोल पंपवाला बाटलीत पेट्रोल देईना, वरून हुकूम नाही म्हणाला. मग आदल्या दिवशी सूर्यवंशींनी ते स्कूटरच्या टाकीतून नळीने ओढून काढलं. त्यातला पहिला घोट पोटात गेला. दिवसभर ढेकर आली की शालनताई देवघरातली समई विझवत होत्या.

मुहूर्ताला सगळी कॉलनी गच्च्यांवर होती. भाऊसोंनी बोलल्याप्रमाणे चेन बसवून दिली होती. सूर्यवंशींनी राजवर्धनचं जुनं क्रिकेटचं हेल्मेट, हातमोजे आणि सुभेदारांचे फौजी बूट चढवले. बूट दोन नंबर मोठे होते.

"एक, दोन, खेच!" गच्चीवरून हुकूम आला.

सूर्यवंशींनी मशीन सुरू करायची दोरी ओढली. मशीन गप्प. सतरा वेळा ओढली. सतराही वेळा गप्प. अठराव्या वेळेला दोरीची मूठ हातात आली आणि ते फौजी बुटांसकट मागे तुळशीच्या कुंडीत बसले. कुणी हसलं नाही, आणि ते न हसणं त्यांना जास्त झोंबलं. मग वही काढून त्यांनी एकेक ओळ तपासली. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत कुंकवाचा थर. नव्या वस्तूचं एवढं कौतुक झाल्यावर तिचा श्वास कोंडणारच. त्यांनी ब्रशने फिल्टर झटकला, दोरीला मूठ बांधली, ओढली. मशीन अशी गरजली की सुभेदार गच्चीच्या कठड्याआड बसले.

सूर्यवंशी ती घेऊन शिडीवर चढले. पण फांदी कापेना! धूर निघायला लागला, फांदीला काळा चट्टा पडला, भाजल्याचा वास कॉलनीभर पसरला. पंधरा मिनिटांत कापल्याची खूण नखाएवढी.

"आवं, कापताय का भाजताय?" शालनताईंनी खालून विचारलं.

सूर्यवंशींनी मशीन बंद केली आणि चष्मा लावून चेन पाहिली. दात मागे बघत होते. भाऊसोंनी चेन उलटी बसवली होती.

"ट्रॅक्टरला काय दात असत्यात व्हय?" भाऊसो म्हणाले आणि त्यांना शेतात काहीतरी काम आठवलं.

सूर्यवंशींनी पाना घेतला, चेन उतरवली, सुलटी बसवली आणि हातमोजा घालून ओढून पाहिली. आवळलेली नाही, लोंबत नाही. मग पुन्हा शिडीवर चढले. या वेळी मशीन लोण्यात सुरी जावी तशी गेली. फांदी करकरली, कलली आणि बावीस इंची बारच्या पूर्ण इभ्रतीने फलकावर कोसळली. नगरसेवकांचा फोटो, दादासो, भाऊसो, नानासो, बापूसो, आप्पासो, सगळे तुटून रस्त्यावर पडले. खांबांना तळची एक पट्टी तेवढी लोंबत राहिली. ६. श्री. गुंडा तातोबा सूर्यवंशी.

पोरांनी पुन्हा फोटो काढले. नगरसेवकांनी पुन्हा निरोप धाडला, तो इथे छापण्यासारखा नाही. त्यानंतर सूर्यवंशी घराबाहेर पडेनासे झाले. पडवीत बसून ते मशीन पुसत, कानशीने प्रत्येक दाताला मोजून तीन घास देत, टाकीतलं उरलेलं पेट्रोल काढून ठेवत. करडईचं तेल चिकटतं म्हणून चेनचं खरं तेलही त्यांनी आणलं. सगळ्या जगाने टाकलं तरी यंत्राची निगा राखायची, एवढंच आता त्यांच्या हातात होतं.

मग परतीचा पाऊस आला. दिवाळीच्या आधी एका दुपारी असं वादळ सुटलं की कराडच्या रस्त्यावर तीन झाडं आडवी पडली. एक बाळंतपणाची रुग्णवाहिका अलीकडे अडकली आणि पलीकडे कारखान्याला निघालेले उसाचे पहिले ट्रॅक्टर. नगरपालिकेत धावपळ उडाली. ऋषिराजने कॉम्प्युटर उघडून 'परवानाधारक वृक्ष तोडणारे' अशी यादी काढली. अख्ख्या गावात एकच नाव होतं.

"हॅलो, चेनसो बोलताय का?" फोनवर आवाज आला.

सूर्यवंशींनी पडवीतल्या मशीनकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या पाण्याकडे.

"व्हय, बोलतोय," ते म्हणाले.

हेल्मेट, हातमोजे, आपल्या मापाचे बूट. मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झाली. घासलेले दात ओल्या बाभळीतून सरसर गेले. खोडाचा भार कुठल्या बाजूला आहे ते आधी बघून, माणसं मागे हटवून त्यांनी दीड तासात तिन्ही झाडं रस्त्याच्या कडेला लावली. बावीस इंची बारचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला आणि भाऊसोंनी ते पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितलं. रुग्णवाहिका हलली. आत बसलेली बाई कळा सोसत असतानाही खिडकीतून ओरडून म्हणाली, "लय उपकार झालं, चेनसो!" तिला ते नाव नगरपालिकेच्या माणसांनी सांगितलं होतं.

त्यानंतरचं काम कॉम्प्युटरनेच केलं. सत्काराच्या बॅनरवर 'श्री. चेनसो गुंडा सूर्यवंशी' असं छापून आलं. शाल मात्र चुकून मशीनच्या खोक्यावर न घालता त्यांच्याच खांद्यावर घातली गेली. नव्या फलकासाठी ऋषिराजने रहिवाशांची यादी काढली तेव्हा एकाच मोबाईल नंबरवर दोन नावं निघाली. नियमाप्रमाणे जुनं नाव आपोआप वगळलं गेलं.

रंगारी सहाव्या ओळीवर आला तेव्हा सूर्यवंशी शिडी धरून खालीच उभे होते.

"चेनसोच लिहायचं ना, काका?" त्याने विचारलं.

नावातली तफावत सूर्यवंशींनी नोकरीत कधी खपवून घेतली नव्हती. एका काना-मात्रेसाठी त्यांनी लोकांना सहा-सहा महिने फिरवलं होतं. आजोबांची आठवण आली, मन जरा चुकचुकलं. पण आजोबा कुठे गेले होते? बापाच्या जागेवर गुंडा तसाच होता, पुढच्या 'सो'च्या मागे सुखात उभा.

"कागदावर हाय तसंच लिव्ह," ते म्हणाले.

जानेवारीत संक्रांत आली. घर बायकांनी भरलं होतं. सूर्यवंशी पडवीत मशीनला कानस लावत बसले होते. आतून आवाज आला, "शालनताई, या वर्षी तरी नाव घ्या!" सवयीने त्यांचा हात थांबला. आता तिळगुळाचं निमित्त होणार, बांगड्या वाजत स्वयंपाकघराकडे जाणार. त्यांनी मान खाली घातली.

बांगड्या हलल्या नाहीत. शालनताईंचा आवाज चौतीस वर्षांत पहिल्यांदा पडवीपर्यंत आला:

"पेट्रोलात मिसळलं ऑइल, दातांना लावली कानस,
चेनसोंचं नाव घेते, माझा लाखात एक मानूस."

आत एकच गलका झाला. सूर्यवंशींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ते त्यांनी मशीन पुसायच्या फडक्याने टिपलं, आणि मग तेलाचं तोंड तसंच घेऊन बराच वेळ बसून राहिले.